ठेव कोणाची, जबाबदारी कोणाची? ऑनलाइन खेळ आणि माहितीची चोरी

(वर्तकनगर, ठाणे येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने ऑनलाइन गेमवर काय बोलावे, असा प्रश्न तुमच्यापैकी कुणाला पडला असेल तर तो रास्तच आहे. गेम कसा खेळतात हे नातवंडांना विचारावे, ते ज्ञान आमच्याकडे नाही. पण खेळायला बसण्यापूर्वी तो गेम आपले नाव विचारतो, जन्मतारीख विचारतो, ईमेल आणि मोबाइल नंबर विचारतो, कधी कधी बँकेचा तपशीलही घेतो. हे सगळे पुढे कुणी तरी चोरून नेले, तर जबाबदार कोण? हा प्रश्न कायद्याचा आहे, इतिहासाचा आहे, आणि थोडासा आमच्या विषयाचाही आहे. आज आपण तो इतिहासाच्या वाटेने बघू.

सुरुवात घराजवळूनच करू. वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीत राहणारे, शेजारच्या रेमंडच्या मिलमध्ये नोकरीला असलेले चाळीस वर्षांपूर्वीचे एखादे कुटुंब डोळ्यांपुढे आणा. त्या कुटुंबाची माहिती कुठे कुठे होती? घरात किती माणसे, हे रेशनिंग ऑफिसात. पगार किती, हे मिलच्या मस्टरवर आणि पगारपत्रकात. मुलांच्या जन्मतारखा शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये. शिल्लक किती, हे बँकेच्या लेजरमध्ये. आजार कोणता, हे डॉक्टरांच्या केसपेपरवर. म्हणजे माहिती तेव्हाही भरपूर लोकांकडे होती. पूर्वी सगळे गुप्त होते आणि आता उघडे पडले, असे समजण्यात अर्थ नाही. फरक एवढाच की ती माहिती वेगवेगळ्या कपाटांत होती आणि कागदावर होती. एका वसाहतीची सगळी माहिती चोरायची म्हटली, तर चोराला टेम्पो घेऊन यावे लागले असते. दहा कुलपे फोडावी लागली असती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांना कपाट रिकामे दिसले असते.

आणखी मागे जायचे तर कान्हेरीच्या लेण्यांत जा. तिथल्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आहेत. कोण, कुणाचा मुलगा, व्यवसाय काय, गाव कोणते, हे त्यांनी खडकावर कोरून घेतले. दोन हजार वर्षांच्या आसपासची ही आपल्या भागातली व्यक्तिगत माहिती, आणि तीही सर्वांनी वाचावी म्हणून दिलेली. तेव्हा आपले नाव दुसऱ्याला कळणे ही वाईट गोष्ट नाही. कशासाठी दिले आणि कशासाठी वापरले गेले, यात अंतर पडले की बिघाड सुरू होतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता इंटरनेटकडे येऊ. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले. पहिल्या शहरांत मुंबई होती. पुढच्या काही वर्षांत ठाणे, कल्याण, डोंबिवलीत गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले. तासावर पैसे घ्यायचे. एका बाजूला कुणी रेल्वे भरतीचा अर्ज भरतोय, दुसऱ्या बाजूला चार पोरे एकमेकांवर काउंटर-स्ट्राइकच्या गोळ्या झाडतायत. त्या खेळात पोरांची ओळख कुणी विचारत नव्हते. जोडलेली चार-सहा यंत्रे, तेवढीच त्यांची दुनिया. खेळ संपला, यंत्र बंद केले, विषय संपला.

आणि मग येतो २०११ सालचा एप्रिल. या महिन्यावर आम्ही जरा थांबणार आहोत.

११ एप्रिल २०११ रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली काही नियम एकदम अधिसूचित केले. त्यांतले दोन आपल्या कामाचे. पहिला सायबर कॅफेंचा. येणाऱ्या प्रत्येकाचे ओळखपत्र बघायचे, त्याची प्रत ठेवायची, नोंदवही किमान एक वर्ष जपायची. दोन संगणकांमधल्या आडोशाची उंची साडेचार फुटांपेक्षा जास्त नको, इथपर्यंत तपशील त्यात आहे. दुसरा नियम कंपन्यांचा. पासवर्ड, बँकेचा तपशील, आरोग्याची माहिती अशी संवेदनशील माहिती ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती वाजवी काळजीने सांभाळली पाहिजे. २००८ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम ४३अ आले होतेच. काळजी घेतली नाही आणि त्यामुळे कुणाचे नुकसान झाले, तर कंपनीने त्याला भरपाई द्यायची, असे ते कलम. म्हणजे एकाच दिवशी शासनाने कोपऱ्यावरच्या कॅफेवाल्याला सांगितले की लोकांच्या ओळखी गोळा कर, आणि कंपन्यांना सांगितले की गोळा केलेल्या ओळखी सांभाळा. गोळा करणे सोपे होते, ते लगेच सुरू झाले. कॅफेच्या ड्रॉवरमध्ये ओळखपत्रांच्या झेरॉक्सचे गठ्ठे साठले. सांभाळणे किती अवघड असते, हे जगाला कळायला फार वेळ लागला नाही.

१७ ते १९ एप्रिल २०११ या दिवसांत सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कमध्ये कुणी तरी शिरले. प्लेस्टेशन म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचे यंत्र, आणि नेटवर्क म्हणजे जगभरच्या खेळणाऱ्यांना एकमेकांशी जोडणारी, गेम विकणारी सेवा. २० एप्रिलला कंपनीने ती सेवा बंद केली. का बंद केली, ते मात्र ग्राहकांना नीट सांगितले नाही. लोकांना वाटले, काही तरी दुरुस्ती चालू असेल. २६ एप्रिलला कंपनीने जाहीर केले की नाव, पत्ता, ईमेल, जन्मतारीख, लॉगिन आणि पासवर्ड एवढे परक्याच्या हाती गेले आहे आणि क्रेडिट कार्डाचे क्रमांक गेले नाहीत असे ठामपणे सांगता येत नाही. खाती किती? सुमारे ७ कोटी ७० लाख. २ मे रोजी त्याच समूहाच्या दुसऱ्या गेमिंग सेवेतली आणखी सुमारे २ कोटी ४६ लाख खाती त्यात मिळाली. एकूण दहा कोटींच्या वर. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आसपास भरली होती. अंदाज यावा म्हणून सांगतो.

१ मे रोजी टोकियोत कंपनीचे मोठे अधिकारी पत्रकारांसमोर उभे राहिले आणि कमरेत वाकून त्यांनी माफी मागितली. सेवा पूर्वपदावर यायला अनेक आठवडे गेले. आपल्याला सुमारे १४ अब्ज येनचा फटका बसेल, असा अंदाज कंपनीने दिला. ग्राहकांना काही गेम फुकट मिळाले.

आता त्या सहा दिवसांकडे बघा. २० ते २६ एप्रिल. घरात चोर शिरून गेलाय हे राखणदाराला कळले आहे, घरमालकाला कळलेले नाही. बऱ्याच लोकांचा एकच पासवर्ड ईमेललाही असतो, बँकेलाही असतो. त्या सहा दिवसांत तो बदलता आला असता. कंपनीचे म्हणणे होते की नेमके काय गेले हे शोधायलाच तेवढा वेळ लागला. यात तथ्य असेलही. पण आग किती पसरली हे मोजून झाल्यावर शेजाऱ्यांना उठवायचे, हा क्रम कुणाच्या सोयीचा? गेल्या पंधरा वर्षांत जगभर जे कायदे झाले, त्यांत ‘किती तासांत कळवायचे’ यावर एवढा जोर दिसतो, त्याचे मूळ अशा घटनांत आहे. आपल्याकडे २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सर्ट-इन या सरकारी यंत्रणेला सहा तासांत कळवावे लागते.

या चोरीत एक तात्त्विक चमत्कार आहे, तो बघा. सोन्याची बांगडी चोरली की ती तुमच्या हातात उरत नाही. जे नाही, ते जाणवते. माहिती चोरली तरी ती तुमच्याजवळ तशीच असते. तुमचे नाव तुम्हाला पाठच असते, जन्मतारीख तीच असते. अभावाने कळणारी चोरी आपल्याला ओळखता येते. इथे अभावच निर्माण होत नाही, म्हणून कळतच नाही. आणि बांगडी परत मिळू शकते, माहिती परत मिळूच शकत नाही, कारण परत देताना तिची नक्कल ठेवता येते. पासवर्ड बदलता येतो. कार्ड बदलता येते. जन्मतारीख कशी बदलणार? आईचे माहेरचे आडनाव कसे बदलणार? दहा वर्षांच्या मुलाची माहिती एकदा बाहेर गेली, की ती त्याच्या साठाव्या वर्षापर्यंत कुणाच्या तरी यादीत पडून राहू शकते.

मग जबाबदारीचे काय? कंपनी म्हणते, आम्हीसुद्धा चोरीचे बळी आहोत. चोराला पकडा, आम्हाला का धरता? हा युक्तिवाद सोनीच्या आधी कितीतरी शतके झालेला आहे, आणि आपल्याकडे झालेला आहे.

धर्मशास्त्रात व्यवहाराची म्हणजे वादाची अठरा पदे सांगतात. त्यांत ठेवीचे एक स्वतंत्र पद आहे, निक्षेप. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात तर एका खास ठेवीचा विचार आहे. आत काय आहे हे न सांगता, बंद पेटीत घालून दुसऱ्याच्या हाती दिलेली वस्तू. तिला औपनिधिक म्हणतात. नियम असा की ती जशी दिली तशीच परत करायची. पण राजाने नेली, दैवी आपत्तीत गेली किंवा चोरांनी नेली, तर ठेवून घेणाऱ्याला भरून द्यावी लागत नाही. बघा, चोरीचा बचाव इथे आहे! मात्र त्याला पुढे मर्यादा घातल्या आहेत. मालकाने मागितली असताना दिली नाही आणि नंतर ती गेली, तर भरून द्यायची, वर तेवढाच दंड. आणि मालकाला न विचारता त्या ठेवीवर आपली उपजीविका केली, तर दंड आणि वाढीसकट परतफेड.

या स्मृतीवरची मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीत लिहिली. आपले हे खाडीकाठचे कल्याण ते नव्हे. ते आजचे बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातले, जिथे मराठी आजही बोलली जाते. कात्यायनाच्या नावाने सांगितले जाणारे एक वचन या संदर्भात येते. त्यात तीन पायऱ्या केल्या आहेत. ठेव स्वतः खाल्ली असेल तर वाढीसकट द्यावी. दुर्लक्षामुळे गेली असेल तर तेवढीच द्यावी. अज्ञानामुळे नष्ट झाली असेल तर थोडी कमी द्यावी. कात्यायनाची हरवलेली स्मृती ठिकठिकाणच्या उद्धरणांतून गोळा करून छापण्याचे काम आपल्या महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी केले, ज्यांना १९६३ मध्ये भारतरत्न मिळाले.

आता इथे एक खबरदारी. याच ग्रंथांत वर्ण बघून शिक्षा कमी-जास्त केलेली आहे. तेव्हा ‘आमच्या पूर्वजांना सगळे माहीत होते’ असा झेंडा आम्ही फडकवणार नाही. त्यांना संगणक माहीत नव्हता आणि समताही माहीत नव्हती. पण ठेव म्हणजे काय, हे त्यांना चांगले माहीत होते. खाणे, दुर्लक्ष करणे आणि न कळणे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिघांची जबाबदारी वेगळी आहे, हा विवेक त्यांच्याकडे होता. आपण तेवढा घेऊ.

त्या विवेकाने सोनीचे प्रकरण तपासा. चोरी झाली, हे खरे. पण राखण कशी होती? ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने चौकशी केली आणि जानेवारी २०१३ मध्ये अडीच लाख पौंडांचा दंड केला. तेव्हाच्या दराने सुमारे दोन कोटी रुपये. निष्कर्ष काय होता? सॉफ्टवेअर वेळच्या वेळी अद्ययावत ठेवले असते, तर हा हल्ला टळू शकला असता. म्हणजे कात्यायनाची दुसरी पायरी, दुर्लक्ष. कंपनीने आधी अपील केले, पुढे ते मागे घेतले. आमच्या मते या सगळ्या इतिहासातला महत्त्वाचा टप्पा हा आहे. चोर कोण हे बाजूला ठेवून राखणदाराची काळजी तपासली गेली.

यानंतरची यादी लांब आहे, ती भराभर सांगतो. नोव्हेंबर २०११ मध्ये स्टीम या मोठ्या गेमविक्री सेवेच्या माहितीसाठ्यात घुसखोरी झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये झिंगा कंपनीचे, शब्दांचे खेळ खेळणाऱ्यांचे सुमारे १७ कोटींहून अधिक खात्यांचे तपशील गेले. २०२० मध्ये निन्टेंडोच्या सुमारे ३ लाख खात्यांत परके शिरले, तेही एका जुन्या पद्धतीच्या लॉगिनच्या वाटेने. नवा दरवाजा भक्कम केला, जुना मागचा दरवाजा तसाच राहिला. असे जुने दरवाजे तुमच्या-आमच्याकडेही असतात. एका ठिकाणचा चोरलेला पासवर्ड दुसऱ्या शंभर ठिकाणी लावून बघायचा, हे काम आता यंत्रे करतात. म्हणून पाच वर्षांपूर्वी नातवाने काढून विसरलेले खाते आज घराच्या ईमेलपर्यंत पोचवू शकते.

आता मुलांविषयी. जुन्या ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आता पालघरमध्ये गेलेल्या जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो. देवदेवतांचे, असुरांचे मुखवटे चढवून सोंगे निघतात. त्या सोंगाखाली कोण आहे, हे गावाला ठाऊक असते. म्हणून रात्रभर भीती वाटूनही कुणाला धोका नसतो. ऑनलाइन खेळातही प्रत्येक जण सोंग घेऊनच येतो. कुणी ‘वाघ’ म्हणून येतो, कुणी इंग्रजीत काही तरी विचित्र नाव लावतो. पण इथे सोंगाखाली कोण आहे, हे गावाला ठाऊक नसते. ते फक्त कंपनीला ठाऊक असते, आणि कंपनीकडून चोरी झाली की चोराला. बाकी सगळे अंधारात. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत राज्य पोलिसांच्या सायबर जागृती महिन्याच्या उद्घाटनात एका नामवंत हिंदी अभिनेत्याने जाहीरपणे सांगितले, की घरातली लहान मुलगी ऑनलाइन गेम खेळत असताना अनोळखी खेळाडूने आधी गोड बोलून, मग ‘मुलगा की मुलगी’ विचारून, शेवटी नग्न छायाचित्र मागितले. तिने गेम बंद केला आणि आईला सांगितले. यात कुठलाही संगणक फोडलेला नाही. कुलूप न तोडता, आतल्या माणसाकडूनच दार उघडून घेण्याचा हा प्रकार. त्या मुलीने आईला सांगितले, ही गोष्ट आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. घरी सांगितले तर मोबाइल काढून घेतील, या भीतीने जे मूल गप्प बसते ते खरे एकटे पडते. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत फोर्टनाइटच्या कंपनीला मुलांच्या गोपनीयतेचे नियम मोडल्याबद्दल २७ कोटी ५० लाख डॉलर द्यावे लागले. अनोळखी लोकांशी बोलण्याची सोय मुलांसाठीसुद्धा आपोआप चालू ठेवली होती, हाही त्यातला एक आक्षेप.

भारतात हा विषय घराघरात पोचला तो पबजीमुळे. टाळेबंदीच्या काळात, २ सप्टेंबर २०२० रोजी, सरकारने ११८ ॲप बंद केली. त्यांत पबजी मोबाइल होते. कारण दिले होते देशाच्या सुरक्षेचे, आणि त्यातच वापरकर्त्यांची माहिती परवानगीविना देशाबाहेरच्या सर्व्हरवर नेली जात असल्याच्या तक्रारींचे. २ जुलै २०२१ ला तोच खेळ भारतासाठी नव्या नावाने आला, २८ जुलै २०२२ ला पुन्हा बंद झाला, मे २०२३ मध्ये पुन्हा उघडला. आई-बापांना वाटले अभ्यासासाठी बंद झाला, पोरांना वाटले अन्याय झाला. मूळ प्रश्न ठेवीचा होता, त्यावर घरात चर्चा फारशी झालीच नाही. नव्या खेळात अठरा वर्षांखालच्या मुलाने पालकाचा मोबाइल नंबर द्यावा, अशी अट होती. म्हणजे मुलाच्या रक्षणासाठी आणखी एक माहिती, आता बापाची! राखण करण्यासाठी अजून ठेव मागायची, हे या क्षेत्राचे नेहमीचे कोडे आहे.

पैशांच्या खेळांत ठेव आणखी जड झाली. १ एप्रिल २०२३ पासून प्राप्तिकर कायद्याच्या कलम १९४बीए प्रमाणे ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकण्यावर ३० टक्के कर कापला जाऊ लागला. त्यासाठी पॅन आले, बँक खाते आले, ओळखपत्र आले. मग ऑगस्ट २०२५ मध्ये चक्र फिरले. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची संमती, आणि पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला. मुंबईत मुख्यालय असलेल्या ड्रीम११सह अनेकांनी पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती नोकऱ्यांची, जाहिरातींची, क्रिकेट संघाच्या प्रायोजकाची. आम्हाला वेगळाच प्रश्न पडला. खेळ थांबला, पण खेळासाठी दिलेल्या ओळखपत्रांचे काय? दुकान बंद झाल्यावर तिजोरी कुणाच्या ताब्यात?

याचे उत्तर आता कायद्यात थोडेफार सापडते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले की गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे. आपल्या मुंबईचे न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने जुलै २०१८ मध्ये अहवाल दिला. त्यात माहिती गोळा करणाऱ्याला ‘डेटा फिड्युशिअरी’ म्हटले, म्हणजे विश्वस्त. शब्द बघा! मालक नाही, ग्राहक नाही, विश्वस्त. फिरून आपण ठेवीपाशीच आलो. तोच शब्द २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात राहिला. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागणार, मुलांचा माग काढणे आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणे बंद. वाजवी सुरक्षा ठेवली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले. त्यांत किमान ५० लाख नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या गेमिंग कंपन्यांसाठी तरतूद आहे, की तीन वर्षे खातेदार फिरकला नाही तर त्याला आगाऊ कळवून माहिती पुसून टाकायची. ही मुख्य बंधने अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत.

एवढे ऐकून तुम्हाला बरे वाटले असेल. आता जी गोष्ट सांगतो ती नीट ऐका, कारण आजच्या व्याख्यानाचा सारा भार तिच्यावर आहे.

२५० कोटींचा दंड जमा कुठे होणार? भारताच्या संचित निधीत. ज्याची माहिती गेली त्याला त्यातला रुपयाही मिळण्याची सोय या कायद्यात नाही. आणि मघाशी सांगितलेले कलम ४३अ, ज्यात नुकसान झालेल्याला भरपाई होती, ते नवा कायदा पूर्ण लागू होताना गळणार आहे. आपल्या राज्यात माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव हे न्यायनिर्णय अधिकारी म्हणून अशा तक्रारी ऐकत आले आहेत, आणि २०१३ मध्ये पुण्यातल्या एका उद्योगाच्या तक्रारीवर बँकेला भरपाई द्यायला लावल्याचा दाखला माहिती तंत्रज्ञान कायद्याखालीच घडलेला आहे. वाट खडतर होती, फार थोड्यांना माहीत होती, पण होती. आता शिक्षा जबर झाली आणि भरपाईचा एक दरवाजा बंद होतो आहे.

याची दुसरी बाजूही आहे, ती सांगितली पाहिजे. लाखो लोकांची माहिती गेली तर प्रत्येकाचे नुकसान किती, हे कसे मोजणार? कुणाचे खाते रिकामे झाले, कुणाला फक्त नको ते फोन आले, कुणाचे अजून काहीच झाले नाही. त्यापेक्षा कंपनीला एकच मोठा दंड करून धाक बसवणे व्यवहार्य, असे म्हणता येते. हा युक्तिवाद पोकळ नाही. पण मोजणे अवघड आहे म्हणून देणेच लागत नाही, हे त्यातून निघत नाही. दंड हा राजाचा आणि ठेव ही मालकाची, हा भेद याज्ञवल्क्याने केला होता. ठेव भरून द्या, आणि वर दंडही द्या. आपण दंड ठेवला आणि ठेव विसरलो. इमॅन्युएल कांट म्हणतो की ज्याला किंमत असते त्याच्या जागी दुसरे काही देता येते, आणि ज्याला प्रतिष्ठा असते त्याच्या जागी काहीच देता येत नाही. माणसाची ओळख दुसऱ्या गटात मोडते. पण म्हणून भरपाई शून्य असावी, असा त्याचा अर्थ लावणे ही चलाखी झाली. या विषयावर खासदारांना, ग्राहक संघटनांना, वकील मंडळींना प्रश्न विचारण्याची वेळ अजून गेलेली नाही.

तोवर घरात काय करायचे, तेही थोडक्यात सांगतो. गेमचा पासवर्ड आणि ईमेलचा पासवर्ड कधीच एक ठेवू नका. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, नातवंडे दोन मिनिटांत करून देतील. गेममध्ये कार्ड साठवून ठेवू नका. खेळाडूच्या नावात जन्मसाल, शाळेचे नाव, सोसायटीचे नाव नको. अनोळखी व्यक्तींशी बोलण्याची सोय मुलांच्या खात्यात बंद करा. जे गेम आता कुणी खेळत नाही, त्यांचे खाते नुसते ॲप काढून जात नाही, ते आत शिरून बंद करावे लागते. पैशांचे खेळ खेळणारे कुणी घरात असतील, तर त्यांनी कंपनीला लेखी कळवावे की कायद्याने ठेवणे भाग आहे तेवढे सोडून बाकी माहिती पुसा. आणि पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. पहिल्या तासाभरात कळवले तर पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त असते.

पण एवढ्याने भागेल असे आम्ही म्हणणार नाही. सगळी काळजी घरातल्या माणसानेच घ्यायची, हा उपदेश कंपन्यांना फार आवडतो. ठेव ठेवणाऱ्याने पेटी नीट बंद करून द्यावी, हे त्याचे कर्तव्य. ती पेटी पुढे कुठे ठेवली, कुणाला दाखवली, तिच्यावर आपला धंदा चालवला का, गेली तर केव्हा कळवले आणि काय भरून दिले, याचा जाब ठेवून घेणाऱ्यानेच द्यायचा असतो. यापुढे ‘आय ॲग्री’ चे बटण दाबण्यापूर्वी तो मजकूर सगळा वाचणे कुणाला जमेल असे वाटत नाही, आम्हालाही जमत नाही. पण त्यात एवढे तरी शोधा: माझी ठेव गेली तर तुम्ही मला काय देणार? बहुतेक ठिकाणी उत्तर सापडणार नाही. ते उत्तर तिथे लिहिले जावे, एवढी मागणी आपण ठाणेकर, कल्याण-डोंबिवलीकर नागरिक म्हणून नक्की करू शकतो.